पाटा वाढवण्याआधी टेप लावा

जानेवारी लागला की तासगाव-पलूस भागात द्राक्षांच्या गाड्या धावायला लागतात. ऊसतोड तेव्हा ऐन भरात असते, आणि थोड्याच दिवसांत सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते. पिकअपवाल्यांना या दिवसांत उसंत नसते. गॅरेजात तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मिस्त्री, गाडी मागनं लय बसायला लागलीया. एक पाटा वाढवून द्या की."

मिस्त्री पाटा, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगची आणखी एक पोलादी पट्टी, वाढवून देतो. मागची बाजू थोडी उचललेली दिसते आणि मालक समाधानाने निघून जातो. पुढे कधी वाढवलेला पाटाच तुटतो, कधी चेसिसला हँगरजवळ, म्हणजे पाटा अडकवलेला असतो त्या जागी, तडा जातो, तर कधी द्राक्षाचे क्रेट उतरवताना तळाशी मण्यांचा खच दिसतो. या घटना एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडी बसणं आणि पाटे नरम असणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. हा फरक समजला तर पाटे बदलायचे, वाढवायचे की नुसते बुश (पाट्याच्या टोकांत बसणारं अस्तर) टाकायचे, हे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

बोलेरो पिकअप असो, छोटा हत्ती असो की दोस्त, या गाड्यांच्या मागच्या चाकांवर पाट्यांचीच रचना असते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, वरची सगळ्यात लांब, खालच्या क्रमाने आखूड. वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल गुंडाळलेली असतात आणि त्यांत बुश बसतो. पुढचं टोक चेसिसच्या हँगरला पक्कं असतं. मागचं टोक शॅकल नावाच्या झुलत्या पट्ट्यांना अडकवलेलं असतं. शॅकल कशासाठी? पाट्याची कमान दाबली गेली की पाटा सरळ होतो, आणि सरळ झाला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर वाढतं. त्या वाढलेल्या लांबीला जागा करून द्यायचं काम शॅकलचं. मधोमध एक सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र ओवून ठेवतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट पूर्ण जुडगा अॅक्सलवर आवळून धरतात.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. पाटा धक्के तर झेलतोच, शिवाय अॅक्सलला जागेवर धरून ठेवणाराही तोच असतो. गाडी पुढे ढकलताना, ब्रेक मारताना, वळणावर, प्रत्येक वेळी अॅक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून मेन पाटा ओढ सोसत असतो. म्हणून खालचा आखूड पाटा तुटला तर एक वेळ गाडी हळूहळू घरी आणता येईल, पण मेन पाटा पुढच्या टोकाशी तुटला तर गाडी तिथेच उभी करायची.

आता मूळ मुद्दा. वजन दुप्पट केलं की पाटा दुप्पट दबतो, हा नियम रॉबर्ट हुकने १६७८ साली मांडला आणि आपल्या पिकअपलाही तोच लागू आहे. समजा एका बाजूचा पाच पाट्यांचा जुडगा दर ६ किलोला १ मिलिमीटर दबतो. हे आकडे हिशेबासाठी घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. रिकाम्या गाडीचं त्या बाजूवर १८० किलो वजन आलं तर पाटे ३० मिलिमीटर दबतील. वर आणखी ६०० किलो माल चढला तर एकूण १३० मिलिमीटर. ही झाली नव्या पाट्यांची गोष्ट.

चार-पाच वर्षं खड्डे आणि ओव्हरलोड सोसल्यावर पाट्यांची कमान कायमची कमी होते. समजा ती ३० मिलिमीटरने उतरली. आता गाडी रिकामी असली तरी ३० मिलिमीटर खाली, भरली तरी ३० मिलिमीटर खालीच. पण पाटा नरम झाला का? नाही. तो अजूनही दर ६ किलोला १ मिलिमीटरच दबतो. पोलादाचा ताठपणा वापराने कमी होत नाही. पाणी चढवल्याने, म्हणजे तापवून आणि विझवून कडक केल्याने, वाढतही नाही. साधं लोखंड आणि उत्तम स्प्रिंगचं पोलाद यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक एवढाच, की साधं लोखंड थोडं वाकवलं की तसंच वाकडं राहतं, आणि स्प्रिंगचं पोलाद कितीतरी जास्त वाकवलं तरी परत मूळ जागी येतं. बसलेल्या पाट्याने कमान गमावलेली असते, ताठपणा शाबूत असतो.

अशा बसलेल्या जुडग्यात तेवढ्याच जाडीचा सहावा पाटा घातला तर काय होतं बघा. ढोबळमानाने ताठपणा पाचावरून सहावर, म्हणजे ६ किलोवरून ७.२ किलोवर जातो. रिकामी गाडी पूर्वी ३० मिलिमीटर दबायची, आता २५. म्हणजे उचल फक्त ५ मिलिमीटरची. भरलेली गाडी १३० ऐवजी १०८ मिलिमीटर दबते, म्हणजे २२ मिलिमीटरची उचल. ३० मिलिमीटरचा तोटा कुठेच पूर्ण भरून आला नाही, आणि गाडी मात्र कायमची कडक झाली. नवा पाटा जास्त कमानीचा घातला तर उंची थोडी आणखी मिळते, पण मग बाकीच्यांपेक्षा जास्त ताण त्या एकट्यावर पडतो.

जाड पाटा घालणाऱ्यांसाठी तर हिशेब आणखी कडक आहे. लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. शाळेतली प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि जाड पट्टी टेबलाच्या कडेला धरून वाकवून पाहिली तर हे बोटांनाच कळतं. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला, म्हणजे दिसायला दोनच मिलिमीटरचा फरक, पण तो पाटा जवळपास दुप्पट ताठ झाला. आणि तेवढाच वाकवला तर त्याच्या पृष्ठभागावरचा ताण सव्वापट होतो. पातळ पाट्यांच्या जुडग्यात घुसवलेला जाड पाटा सगळ्यांत आधी तुटतो तो याच कारणाने. मालक म्हणतो, "एवढा जाडजूड टाकला तरी तुटला." जाड होता म्हणूनच तो तुटला.

द्राक्ष, स्ट्रॉबेरी आणि कडक गाडी

पिकअप रिकामी असताना मागून का उडते? पाट्यावर उभं असलेलं वजन खाली-वर हलतं, आणि ते सेकंदाला किती वेळा हलणार हे पाटा किती दबलेला आहे यावर ठरतं. वरच्याच उदाहरणात रिकाम्या गाडीची मागची बाजू सेकंदाला जवळपास तीनदा हलते, आणि भरलेल्या गाडीची दीड वेळेपेक्षाही कमी. भरलेली गाडी झुलत जाते, रिकामी ठोकत जाते. पाटा वाढवला की ही ठोक आणखी वाढते.

खडी, वीट, सिमेंट नेणाऱ्याला याचं फार सोयरसुतक नसतं. पण द्राक्षाचे क्रेट किंवा महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी नेणाऱ्याचं नुकसान इथेच होतं. स्ट्रॉबेरीच्या खोक्यांनी हौदा भरून जातो, पण वजनाने गाडी अर्धीही भरलेली नसते. कडक पाट्यांवर तो माल रिकाम्या गाडीसारखीच ठोक खात वाईपर्यंत उतरतो. द्राक्षाचे मणी देठापासून सुटतात, स्ट्रॉबेरी खालच्या थरात चेपते. दोष ड्रायव्हरला दिला जातो, रस्त्याला दिला जातो, पण आदल्या महिन्यात वाढवलेल्या पाट्याचं नाव कुणी घेत नाही.

एकाच गाडीवर कधी स्ट्रॉबेरी आणि कधी खडी नेणाऱ्यांसाठी खरा उपाय हेल्पर पाट्याचा आहे. मुख्य जुडग्याच्या वर किंवा खाली थोडं अंतर ठेवून हे वेगळे पाटे बसवलेले असतात. हलका माल असेपर्यंत ते कशालाही टेकत नाहीत. वजन एका हद्दीपुढे गेलं की टेकतात आणि तिथून पुढे भार वाटून घेतात. कमी वजनाला मऊ, जास्त वजनाला ताठ, दोन्ही एकाच गाडीत मिळतं. बऱ्याच गाड्यांना ते कंपनीतूनच असतात. ते काढून मुख्य जुडग्यातच भर घालणारे लोक हातातली चांगली गोष्ट घालवतात, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गैरसमज शॉकअपचा. "शॉकअप गेलेत म्हणून गाडी बसलीय" हे सर्रास ऐकू येतं. साधा तेलाचा शॉकअप वजन उचलतच नाही. पाटा गाडीला उंचीवर धरतो, शॉकअप पाट्याचं हलणं थांबवतो. गाडी खाली आली असेल तर नवीन शॉकअप टाकून ती वर येणार नाही. आणि खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा डुलत राहत असेल तर पाटे बदलून ते डुलणं जाणार नाही.

आधी मोजमाप

म्हणून चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी टेप घेतो. गाडी सपाट जागेवर, रिकामी, चारही टायरमध्ये बरोबर हवा. मागच्या चाकाच्या मधापासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं, दोन्ही बाजूंना. मग माल भरून तेच माप पुन्हा. रिकाम्या गाडीचं माप कंपनीच्या मापापेक्षा खूप कमी असेल तर पाटे बसलेत. रिकामी असताना उंची ठीक आहे पण माल भरल्यावर अॅक्सल रबरी स्टॉपरला धडकतोय, तर एक तर माल जास्त होतोय किंवा हेल्पर काम करत नाहीयेत. फक्त एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलेला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. त्याखालोखाल झिजलेला बुश, वाकलेला शॅकल.

तुटलेला पाटा लगेच दिसतोच असं नाही. चिखल, ग्रीस आणि गंज यांखाली भेग झाकलेली असते. तारेच्या ब्रशने जुडगा साफ करून बॅटरीच्या उजेडात कडा तपासाव्या लागतात, विशेषतः यू-बोल्टच्या लगत आणि मेन पाट्याच्या गुंडाळलेल्या टोकांजवळ.

तुटलेला पाटा बाहेर काढला की भंगारात टाकण्याआधी त्याचं तुटलेलं तोंड नीट बघा. बहुतेक वेळा त्यावर दोन भाग स्पष्ट दिसतात. एक भाग गुळगुळीत, तपकिरी, गंजलेला, आणि त्यावर नदीकाठच्या वाळूवर पाणी ओसरताना उमटतात तशा बारीक वक्र रेघा. दुसरा भाग खरखरीत, राखाडी, ताजा. गुळगुळीत भाग म्हणजे भेग किती दिवस मुरत होती त्याचा पुरावा. प्रत्येक खड्ड्याला ती थोडी पुढे सरकत गेली, हवा-पाणी आत जाऊन गंजत गेली. खरखरीत भाग म्हणजे शेवटचा तडाखा, उरलेलं पोलाद एकदम तुटलं तो क्षण. "काल खड्ड्यात आपटली आणि पाटा गेला" असं वाटतं, पण तपकिरी भाग अर्ध्याहून मोठा असेल तर तो पाटा कित्येक दिवस आधीपासूनच तुटत होता. आणि त्या वक्र रेघा जिथून निघाल्यासारख्या दिसतात, तिथे भेगेचा उगम असतो.

उगम सेंटर बोल्टच्या भोकाशी असेल तर गुन्हेगार जवळजवळ नक्की: ढिले यू-बोल्ट. यू-बोल्ट घट्ट असले की त्यांच्या मधला पाट्याचा भाग अॅक्सलशी एकजीव असतो आणि वाकतच नाही. म्हणून तिथे भोक पाडलेलं असूनही चालतं. यू-बोल्ट सैल झाले की तोच भाग वाकायला लागतो, आणि भोकाच्या कडेला ताण एकवटतो. नवा पाटा टाकून यू-बोल्ट जुनेच ठेवले तर काही महिन्यांनी पाटा पुन्हा त्याच जागी तुटेल. यू-बोल्ट ढिले राहिल्याचा दुसरा परिणाम म्हणजे सेंटर बोल्टच कापला जातो, अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो, आणि मागून येणाऱ्याला गाडी रस्त्यावर तिरकी चाललेली दिसते.

कमान मारून घ्यावी का?

नवीन जुडगा महाग पडतो, म्हणून जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेण्याची पद्धत सगळीकडे आहे. हातोडीने थंड पाटा ठोकून वाकवतात, किंवा भट्टीत तापवून वाकवतात. गाडी दुरुस्तीहून येते तेव्हा छान उंच दिसते आणि काही आठवड्यांत पुन्हा बसते. असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

पाटा गाडीखाली असताना त्याची दोन्ही टोकं वर वळलेली असतात. चेसिस टोकांना खाली दाबतं, अॅक्सल मध्याला वर ढकलतो. त्यामुळे पाट्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची आकसते. भेगा ताणलेल्या बाजूलाच सुरू होतात. म्हणून कारखान्यात पाटा बनवताना दोन कामं मुद्दाम केली जातात. पाट्याला आधी गरजेपेक्षा जास्त कमान देतात आणि मग यंत्राने पुरता दाबून थोडी कमान घालवतात. या दाबण्याने वरच्या थरात कायमची आकसण शिल्लक राहते. दुसरं काम, वरच्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात, त्यानेही पृष्ठभाग घट्ट आकसतो. पुढे गाडीचं वजन आलं की आधी ती आकसण संपावी लागते, मगच खरा ताण सुरू होतो.

थंड पाट्यावर हातोडी मारून कमान वाढवताना नेमकं उलट घडतं. पाटा वजनाच्या विरुद्ध दिशेने वाकवला जातो, आणि हातोडी थांबल्यावर वरच्या थरात आकसणीऐवजी ताण शिल्लक राहतो. म्हणजे गाडीवर माल चढण्याआधीच पाट्याच्या वरच्या बाजूवर ओझं आहे. त्याला पुन्हा बसायला थोडंच वजन पुरतं, आणि भेग पडायलाही.

भट्टीतल्या कमानीची गोष्ट आणखी वाईट. पाट्याचं पोलाद साधारण ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवलेलं असतं आणि मग ४५०-५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. भट्टीत पाटा लाल दिसायला लागला म्हणजे तो या दुसऱ्या तापमानाच्या पुढे गेला आणि मूळ पाणी उतरलं. नुसता हवेत थंड होऊ दिला तर तो मऊ पडतो आणि लवकर बसतो. पाण्यात बुडवला तर काचेसारखा ठिसूळ होऊन अचानक तुटतो. नीट पाणी चढवायचं तर तापमान मोजणारी भट्टी, तेलाची टाकी आणि पुन्हा तापवण्याची सोय लागते. जिथे ती आहे तिथे तापवून कमान जरूर घ्यावी. उघड्या भट्टीवर अंदाजाने केलेल्या कामाला मी तरी पैसे देणार नाही.

याच कारणाने पाट्याजवळ वेल्डिंग करू नये. हौद्याचं काम करताना वेल्डिंगच्या ठिणग्या मेन पाट्यावर पडतात. जिथे वितळलेला थेंब चिकटतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि तो नेमका ताणलेल्या वरच्या बाजूला असतो. भेगेला सुरुवात करायला तेवढं पुरतं. काम सुरू करण्याआधी पाट्यांवर ओलं पोतं टाकलं तरी हा धोका टळतो.

ब्रेकचा संबंध

पाट्यांबद्दल बोलताना हा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि घाट उतरणाऱ्याच्या जिवाशी खेळ इथेच आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. रिकामी पिकअप असेल तर मागची चाकं ताबडतोब लॉक होऊन गाडी फिरू शकते. म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला जाणारा तेलाचा दाब कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसवलेला असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलला जोडलेली असते. चेसिस आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर कमी झालं की व्हॉल्व्हला समजतं, गाडी भरलेली आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. अंतर जास्त असलं की त्याच्या लेखी गाडी रिकामी.

आता पाटे कडक केले, कमान वाढवली. पूर्ण माल भरलेला असतानाही चेसिस उंचच राहिलं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. पसरणी घाट भरलेल्या गाडीने उतरताना मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. याच्या उलट, पाटे फार बसलेले असले तर व्हॉल्व्हला रिकामी गाडीही भरलेली वाटते, आणि पावसात ब्रेक मारताच मागची चाकं लॉक होतात. दोन्ही परिस्थितींत ब्रेकची नळी, लायनर, तेल सगळं चांगलं असतं. म्हणून दोष सापडत नाही.

पाट्यांना हात लावला की या व्हॉल्व्हच्या दांडीची मांडणी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करून घ्यायचीच. दांडी तारेने बांधून ठेवलेली किंवा काढून टाकलेली गाडी तुमच्या ताब्यात आली तर ती आधी दुरुस्त करा, माल नंतर.

पाटे वाढवले म्हणून गाडीची वाहण्याची कुवत वाढत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. अॅक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. गाडी बसलेली दिसत नाही एवढंच. वजनकाट्याला ते फसवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे, जादा माल उतरवायचा खर्च वेगळा.

प्रत्यक्ष बदलताना

हे काम रस्त्याकडेला एकट्याने करण्यासारखं नाही. पण गॅरेजात उभं राहून बघताना काय बरोबर चाललंय हे कळायला हवं.

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मागची चाकं तर हवेत जाणार. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. चेसिस जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवायचं, मागच्या पाट्यांच्या हँगरच्या पुढे. अॅक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. अॅक्सल इतपत खाली सोडायचा की पाट्यावर ना वजन राहील, ना अॅक्सल त्याला लोंबकळेल. त्या आधी शॉकअपचा खालचा बोल्ट आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी सोडवलेली असावी, आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे बघितलेलं असावं. नट गंजलेले असतील तर आदल्या संध्याकाळीच तेल मारून ठेवलं की सकाळी निम्मा त्रास वाचतो.

एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसऱ्या बाजूचे पाटे अॅक्सलला जागेवर धरून ठेवतात, नाहीतर तो सरकवून बसवण्यातच दिवस जातो. पण बदलायचे दोन्ही बाजूंचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला बसलेला जुडगा ठेवला तर गाडी कायम कलून चालते.

जुना जुडगा सुटा करून फक्त एक पाटा बदलायचा असेल तर सेंटर बोल्ट काढण्याआधी पूर्ण जुडगा क्लॅम्पमध्ये आवळून घ्यावा. खालच्या आखूड पाट्यांना मुद्दाम जास्त कमान दिलेली असते, त्यामुळे एकत्र आवळलेले पाटे एकमेकांना ढकलत असतात. बोल्ट सुटला की ते फणकन उसळतात, आणि समोर हात असेल तर बोटं जातात.

नवा जुडगा लावताना पुढची बाजू कोणती हे बघून घ्या. अनेक गाड्यांत सेंटर बोल्ट बरोबर मधोमध नसतो, पुढचा भाग थोडा आखूड असतो. उलटा लावला की अॅक्सल मागे किंवा पुढे सरकतो. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलवरच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. त्या बैठकीवरचा रंग आणि गंज खरवडून साफ केलेला असावा. यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते पुन्हा तितकी पकड देत नाहीत. चारही नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत, शेवटी टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला आवळायचे. लांब पाइप लावून जोर काढणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजात एक नट सैल राहतो.

रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. हाताने घट्ट करून सोडा. गाडी चाकांवर उतरली, वजन आलं, मग आवळा. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली येताच तो पिळला जातो आणि तसाच पिळलेला राहून लवकर फाटतो.

पहिली भरलेली फेरी मारून आलात की गाडी पुन्हा गॅरेजात न्या आणि यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्या. नव्या पाट्यांवरचा रंगाचा थर दाबला जातो, जुडग्याची जाडी किंचित कमी होते, आणि तेवढ्याने यू-बोल्टची पकड उतरते. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात, ते चालतं. त्यानंतर पुन्हा एकदा दोन्ही बाजूंचं माप घ्या, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं, आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या हंगामात कुणी पाटा वाढवायचा सल्ला दिला तर तो आकडा काढून आधी त्याच्यासमोर ठेवा.